आधी पडायला शिका, मग झेप घ्या

प्रस्तरारोहणाच्या प्राथमिक शिबिरात अगदी सुरुवातीला एक नियम शिकवला जातो. दोन हात आणि दोन पाय मिळून चार आधार; त्यांतले तीन कायम कातळाला टेकलेले हवेत, एका वेळी एकच हलवायचा. सह्याद्रीच्या कड्यांवर या नियमाने आरोहकांच्या कित्येक पिढ्या सुखरूप ठेवल्या आहेत, आणि नवशिक्याने तो मोडू नये. पण सराव वाढला, भिंत थोडी अंगावर आली की एक दिवस अशी जागा येते, जिथे पुढचा होल्ड, म्हणजे पकडायची जागा, हाताच्या टप्प्याबाहेर असतो. पाय कितीही वर घ्या, कंबर भिंतीला कितीही चिकटवा, चार बोटांचं अंतर उरतंच. तिथे शरीराला वेग द्यावा लागतो, क्षणभर आधार सोडावा लागतो आणि त्या वेगातच पुढची पकड गाठावी लागते. याला डायनॅमिक मूव्ह म्हणतात. दोन्ही हात आणि दोन्ही पाय सुटून अख्खं शरीर हवेत गेलं, तर तो ‘डायनो’.

टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१च्या ऑगस्टमध्ये, आरोहणाचा हा खेळ पहिल्यांदा ऑलिंपिकच्या मैदानात आला. स्लोव्हेनियाच्या यान्या गार्नब्रेतने तिथे आणि पुन्हा २०२४ला पॅरिसमध्ये सुवर्णपदक जिंकलं. तेव्हापासून भिंतीवर झेपावणाऱ्या खेळाडूंची दृश्यं आपल्याकडच्या मुलांच्याही मोबाइलवर पोहोचली आहेत. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याची मुलंही ती पाहतात आणि किनाऱ्यावरच्या पहिल्या दिसेल त्या खडकावर करून बघतात. हा लेख त्या मुलामुलींसाठी आणि त्यांना शिकवू पाहणाऱ्या मोठ्यांसाठी आहे.

यातलं मुख्य सांगणं सुरुवातीलाच सांगतो. पडण्याची भीती शिस्तीने कमी केल्याशिवाय झेप येत नाही. घाबरलेलं शरीर ऐन वेळी हात आखडतं, पाय अर्धाच जोर लावतात आणि माणूस ना होल्डवर पोहोचतो, ना नीट खाली येतो. अशा अर्धवट उडीतूनच वेडंवाकडं पडणं होतं. म्हणून शिकण्याचा क्रम उलटा ठेवायचा. आधी खाली येणं पक्कं करायचं, वर जाणं नंतर.

उडी कुठे मारायची नाही

सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर बराचसा दगड जांभा आहे. तो खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत टणक होतो, म्हणूनच त्याचे चिरे पाडून आपण घरं बांधली. पण त्याच्या अंगात सगळीकडे भोकं आणि पोकळ्या असतात. त्याची कड वजन सहन करते आहे असं वाटता वाटता तुटून हातात येते. समुद्राकडच्या जांभ्याच्या कड्यांना लाटा खालून पोखरतात आणि वरचा भाग नुसता बाहेर आलेला राहतो. अशा दगडावर सावकाश चढणंसुद्धा धोक्याचं. झेप घेताना तर होल्डवर शरीराच्या वजनापेक्षा जास्त जोर एकदम येतो. जांभ्याच्या कड्यावर डायनॅमिक मूव्हचा सराव करू नका. यात अपवाद नाही.

मालवणच्या रॉक गार्डनचे खडक, निवती-भोगवे बाजूची खडपं दिसायला आकर्षक आहेत, पण तिथे शेवाळ असतं, कालवांच्या धारदार कडा असतात आणि खाली पडायला सपाट जागा नसते. ओहोटीला मोकळी दिसणारी जागा भरतीला पाण्याखाली जाते. तिथे बसा, समुद्र बघा, खडक वाचायला शिका. उडी मारू नका.

किल्ल्यांच्या तटबंदीवर तर बोटसुद्धा लावायचं नाही. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४च्या नोव्हेंबरात ज्याचं बांधकाम सुरू केलं, तो सिंधुदुर्ग केंद्र संरक्षित स्मारक आहे. २०२५मध्ये विजयदुर्गासह तो जागतिक वारशाच्या यादीतही गेला. तटाचा एक चिरा हलला तरी ते नुकसान कायमचं. तीच गोष्ट सड्यावरच्या कातळशिल्पांची. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर माणसाने हजारो वर्षांपूर्वी कोरलेल्या आकृत्या आहेत. तिथे चॉकच्या भुकटीने पांढरा झालेला हात उमटवणं किंवा शिल्पांवरून धावणं हा त्या ठेव्याचा अपमान आहे. वेंगुर्ला रॉक्सच्या गुहांमध्ये पाकोळ्या घरटी करतात; तिथल्या कड्यांवर चढण्याचा विचारही नको.

मग मालवणात शिकायचं कुठे? पुळणीवर आणि लाकडी भिंतीवर.

पुळणीवरचा पहिला धडा

शहरातल्या मुलांना पडण्याचा सराव करायला महागड्या गाद्या लागतात. आपल्याकडे मैलोगणती पुळण आहे. भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी, भुसभुशीत वाळू निवडा. ओहोटीला उघडी पडलेली ओली वाळू जवळपास सिमेंटइतकी कडक असते, तिच्यावर सराव करू नका. जागा ठरली की फावड्याने फूटभर खोल वाळू मोकळी करा आणि हाताने चाळून काच, शिंपले, माशांचे काटे, जाळ्याचे तुकडे काढून टाका.

आता नीट पडणं म्हणजे काय, ते आकड्यांत बघू. एक मीटरवरून सुटलेलं शरीर खाली पोहोचताना ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगात असतं. तीन मीटरवरून ताशी जवळपास २८. हा वेग किती अंतरात थांबतो त्यावर सगळं अवलंबून आहे. एक मीटरवरून ताठ पायांनी पडलात आणि पाच सेंटिमीटरमध्ये थांबलात, तर पायांवर सरासरी जोर येतो वजनाच्या एकवीसपट. घोटे, गुडघे, कंबर वाकवत अर्ध्या मीटरमध्ये थांबलात, तर तोच जोर तिपटीवर येतो. पडण्याचं सगळं तंत्र या एका हिशोबात आहे: थांबण्याचं अंतर वाढवा.

सराव या क्रमाने करा.

१. जागेवर उभे राहा. पाय खांद्यांइतके रुंद. उकिडवे बसा, हनुवटी छातीकडे घ्या, पाठ गोल करून मागे लोळा. दोन्ही हात छातीवर बांधलेले.

२. हेच, पण छोटी उडी मारून. दोन्ही पाय एकाच वेळी टेकवा, लगेच वाका, लगेच लोळा.

३. गुडघ्याइतक्या उंचीच्या, न डगमगणाऱ्या पेटीवरून.

४. कमरेइतक्या उंचीवरून, आणि मग त्याच उंचीवरून हवेत थोडं वळून. झेप हुकल्यावर शरीर सरळ खाली येत नाही, फिरत येतं. म्हणून वळून पडण्याचा सराव हवाच.

एक चूक जवळजवळ सगळे करतात. मागे पडताना हात आपोआप पाठीमागे जमिनीकडे जातो. मनगट आणि कोपर मोडतं ते याच सवयीने. हात छातीशी बांधण्याची सवय इतकी मुरवा की विचार करावा लागू नये. पहिले पंधरा दिवस भिंतीला हात न लावता नुसतं हेच केलं, तरी वेळ वाया गेला असं समजू नका.

याच वेळी स्पॉटरचं कामही शिका. खाली उभ्या असलेल्या सोबत्याने पडणाऱ्याला झेलायचं नसतं. त्याचं डोकं आणि मान वाचवायची, कमरेला धरून पाय खाली येतील अशी दिशा द्यायची. अंगठे बाकीच्या बोटांना चिकटलेले ठेवायचे, नाहीतर तेच दुखावतात. आणि नजर चढणाऱ्याच्या हातांवर न ठेवता कमरेवर ठेवायची, कारण शरीर कुठे जाणार ते कंबर आधी सांगते.

ज्या क्षणी वजन नाहीसं होतं

मालवणच्या धक्क्यावर होडीतून उतरताना आपण काय करतो ते आठवा. लाट होडीला वर उचलते, टोकाला पोहोचल्यावर होडी क्षणभर स्थिर होते आणि त्याच क्षणी अनुभवी माणूस सहज पाऊल टाकतो. वर जात असताना टाकलं तर धक्का बसतो, खाली जायला लागल्यावर टाकलं तर धक्का आणखी उंच झालेला असतो. आरोहणातला डेडपॉइंट म्हणजे हाच क्षण. वर फेकलेलं शरीर आपल्या उंचीच्या टोकाला पोहोचतं, तिथे त्याचा वेग शून्य होतो, आणि होल्ड पकडायचा तो तेव्हाच.

हा क्षण वाटतो त्याहून मोठा असतो. समजा, तुम्ही शरीर ३० सेंटिमीटर वर फेकलं. निघताना वेग असतो सेकंदाला सुमारे २.४ मीटर. पहिले पाच सेंटिमीटर ०.०२ सेकंदात सरतात. पण टोकाजवळच्या शेवटच्या पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यात, वर जाताना आणि परत येताना मिळून, शरीर ०.२ सेकंद असतं. म्हणजे दहापट वेळ. तेवढ्यात हात होल्डवर नेमका ठेवता येतो, बोटं मिटता येतात.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. होल्ड जेमतेम गाठेल इतकीच उडी मारणं जितकं चुकीचं, तितकंच होल्डच्या खूप वर जाणंही. हाताचा तळवा होल्डच्या किंचित वर जावा आणि स्थिर होताना त्यावर बसावा, एवढा जोर पुरे. जास्त जोर लावला तर खाली येताना सगळं वजन बोटांवर आदळतं.

झेपेची बांधणी

पहिल्या झेपेसाठी जागा काळजीपूर्वक निवडा. भिंत सरळ किंवा किंचित अंगावर आलेली, सुरुवातीचे दोन्ही होल्ड मोठे, पाय ठेवायला रुंद जागा, आणि गाठायचा होल्ड मूठभर मावेल असा. तो सावकाश गेल्यास जेमतेम हाती येईल इतक्याच अंतरावर असू द्या. मग पुढचे टप्पे एकेक करून.

नजर. गाठायचा होल्ड ठरवा, त्याच्यावरची नेमकी जागा ठरवा, आणि हात तिथे पोहोचेपर्यंत नजर हलवू नका. पायांकडे आधीच बघून घ्या.

सरळ हात. कोपरं सोडा, खांदे मात्र कानांपर्यंत लोंबू देऊ नका. खांद्याची पाती थोडी खाली ओढून ठेवा. वाकलेल्या कोपरांनी वाट बघत बसलं की दंड उडीआधीच थकतात.

खाली बसणं. कंबर खाली आणि भिंतीपासून थोडी बाहेर न्या. गुडघे वाकतील, टाचा किंचित उचलल्या जातील. एकदा, फार तर दोनदा हेलकावा घ्या. पाच-सहा हेलकावे घेणारा माणूस जोर साठवत नसतो, धीर साठवत असतो. त्यात पकड सुटायला लागते.

पायांचा जोर. इथे झेप जिंकली किंवा हरली जाते. जोर मांड्यांमधून यायला हवा. पाय पूर्ण सरळ होईपर्यंत, पंजाच्या टोकापर्यंत ढकला. हातांचं काम शरीराला भिंतीजवळ ठेवणं आणि दिशा देणं. ओढण्यात त्यांचा वाटा असतो, पण तो पायांनी वेग दिल्यानंतर.

कंबर आत. वर जाताना कंबर भिंतीकडे वळवत न्या. शरीराची वाट सरळ रेषेसारखी नसते. ती बाहेरून आत येणारी कमान असते. कंबर बाहेरच राहिली तर हात होल्डवर पोहोचतो, पण शरीर त्याला भिंतीपासून दूर ओढतं.

पकड आणि थांबणं. टोकाच्या क्षणी हात ठेवा, बोटं मिटा, पोट आवळा. पाय सुटले तर शरीर झोका घेईल. खांदा घट्ट ठेवून तो झोका एकदा पूर्ण होऊ द्या आणि परतीच्या वेळी पाय भिंतीला लावा. जमलं असं तेव्हाच म्हणा, जेव्हा झोका थांबून तुम्ही स्थिर आहात.

सरावाची पायरी

*स्पर्श.* होल्ड पकडायचा नाहीच. पाय भिंतीवर ठेवून वर झेपावा, तळव्याने होल्डला नुसता हात लावा आणि गादीवर उतरा. पकडण्याची जबाबदारी नसल्याने शरीर पूर्ण जोर लावायला शिकतं.

*खडूची खूण.* भिंतीवर एकेक इंच वर खडूने रेघा ओढा. प्रत्येक वेळी कुठवर हात पोहोचला ते बघा. किती जोराला किती उंची मिळते, हे शरीराला असंच कळतं.

*पाय न सोडता डेडपॉइंट.* दोन्ही पाय टेकलेले ठेवून एका हाताने पुढचा होल्ड गाठा. उजवा झाला की डावा. दुबळ्या बाजूला जास्त वेळ द्या. प्रत्यक्ष आरोहणात नव्वद टक्क्यांचा खेळ अशाच छोट्या मूव्हचा असतो असं समजून इथे सर्वांत जास्त दिवस घालवा.

*एक पाय सोडून,* मग *दोन्ही पाय सोडून.* झोका आवरण्याचा सराव इथे होतो.

*दोन्ही हातांचा डायनो.* दोन्ही हात एकदम सोडून दोन्ही हातांनी एकच मोठा होल्ड पकडायचा. हा सगळ्यात शेवटी.

हा सराव आठवड्यातून दोनदाच, मध्ये किमान दोन दिवसांची विश्रांती ठेवून. अंग गरम केल्यावर, ताजेतवाने असताना, सुरुवातीलाच करा. दमल्यावर कधीच नाही. प्रत्येक जोरदार प्रयत्नानंतर दोन-तीन मिनिटं थांबा. पंधरा-वीस मिनिटांचा सराव पुरतो. खडूच्या रेघेवरची उंची कमी व्हायला लागली की त्या दिवसाचा झेपेचा सराव संपला.

चुका ओळखा

होल्डपर्यंत पोहोचूनही हात निसटतो: बहुतेक वेळा तुम्ही वर जातानाच तो पकडू बघताय. बोटं अर्धा क्षण उशिरा मिटा.

होल्डच्या खालीच हात राहतो: पाय पूर्ण सरळ झाले का, ते मोबाइलवर चित्रीकरण करून बघा. गुडघे वाकलेलेच दिसतील.

पकडल्यावर दाराच्या फळीसारखं शरीर फिरतं: ज्या हाताने झेपावलात त्याच्या विरुद्ध पायावर जोर द्या आणि कंबर आत घ्या.

ऐन वेळी थांबता, निघतच नाही: होल्ड एक वीत जवळ घ्या, नाहीतर पुन्हा पुळणीवर जा. शरीर ‘अजून खात्री नाही’ म्हणतं तेव्हा त्याला रागावून उपयोग नसतो. खात्री द्यावी लागते.

मल्लखांब येणाऱ्यांना

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट्टदादा देवधरांनी मल्लखांबाला जे रूप दिलं, ते महाराष्ट्राच्या तालमींतून आजही चालू आहे. २०१९च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ज्याच्या अंगात उड्या, तिढ्या आणि दसरंग मुरले आहेत, त्याला डायनॅमिक मूव्हचा अर्धा भाग आधीच येतो. हवेत असताना शरीर कुठे आहे याचं भान, पोटाचा ताबा, उलटं होण्याची सवय आणि उंचीशी मैत्री हे सगळं त्याच्याजवळ असतं. दोरीच्या मल्लखांबाने हाताची मूठही तयार होते.

जगाच्या आरोहणातही ही झेप व्यायामशाळेतूनच आली. जॉन गिल हा अमेरिकन गणिताचा प्राध्यापक, मुळात जिम्नॅस्ट आणि दोरीवर चढणारा खेळाडू. १९५०च्या दशकात त्याने जिम्नॅस्ट वापरतात तो चॉक आणि त्यांची वेगाची उडी, दोन्ही कातळावर आणलं. १९६९मध्ये त्याने बोल्डरिंगवर लिहिलेल्या लेखात लहान दगडावरची चढाई ही जिम्नॅस्टिकसारखीच कला आहे, असा विचार मांडला. तोवर कातळावरची उडी ही बेशिस्त समजली जात असे.

मल्लखांबपटूंनी दोन गोष्टी मात्र नव्याने शिकायच्या. लाकडाचा गोल खांब मांड्यांनी पकडता येतो, भिंतीवर सगळं बोटांच्या पेरांवर येतं. ती ताकद यायला महिने लागतात आणि घाई केली तर दुखापत ठरलेली. दुसरं, मल्लखांबाला एरंडेल लावतात. भिंतीकडे येण्याआधी हातपाय साबणाने स्वच्छ धुवा. तेलाचा एक हात सगळ्यांचे होल्ड खराब करतो.

आपल्या अंगणातली भिंत

१८ मिलिमीटर जाडीचं, पाण्यात टिकणारं प्लायवूड, मागे भक्कम लाकडी किंवा लोखंडी सांगाडा, मध्ये होल्ड बसवायला पाठीमागून ठोकलेले टी-नट. उंची तीन मीटरच्या आत, कल उभ्या रेषेपासून २० ते ३० अंश अंगावर. गावातला चांगला सुतार आणि वेल्डर हे करू शकतो. एवढी काळजी घ्या:

सांगाडा स्वतःच्या पायांवर उभा करा. तो चिऱ्याच्या भिंतीत खुंट्या मारून अडकवू नका. जांभ्याचा चिरा दाब चांगला सोसतो, पण त्यात रोवलेली खुंटी झेपेच्या ओढीने सुटून येऊ शकते.

खाऱ्या हवेने साधं लोखंड वर्षभरात खातं. नट-बोल्ट स्टेनलेस घ्या, दर महिन्याला एकेक तपासा आणि पावसाळ्यात भिंत झाकून ठेवा. होल्ड डुलतो आहे असं वाटलं तर त्याच क्षणी सराव थांबवा.

लाकडाचे होल्ड करणार असाल तर सगळ्या कडा गोल घासून घ्या. झेप घेऊन टोकदार कडेवर बोटं आपटली की कातडी फाटतेच, पेरही दुखावतात.

खाली किमान ३० सेंटिमीटर जाडीचा फोम हवा: वर कडक थर, खाली मऊ. काथ्याची गादी एकटी पुरत नाही, ती लवकर दबून कडक होते. दोन गाद्यांमध्ये फट ठेवू नका. घोटा मुरगळतो तो तिथेच.

आपली हवा दमट. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वाहते तेव्हा पकड चांगली बसते. दुपारी समुद्राकडचा वारा सुरू झाला की हात घामेजतात. चॉक थोडा लावा, होल्ड ब्रशने साफ ठेवा. चॉकचे थर चढवल्याने पकड वाढत नाही.

बोटं आणि वय

वाढीच्या वयातल्या मुलांच्या बोटांची हाडं टोकाला अजून मऊ असतात. तिथे वारंवार जोर आला तर हाडाच्या वाढीच्या जागेलाच चीर जाऊ शकते. म्हणून तेरा ते सोळा वयाच्या मुलांना छोट्या धारांवर झेपावायला लावू नका आणि कॅम्पस बोर्ड पूर्ण टाळा. पाय न लावता, फक्त बोटांनी पट्ट्यांवर उड्या मारण्याचं हे साधन वोल्फगांग ग्युलिख या जर्मन आरोहकाने १९८८मध्ये तयार केलं. १९९१मध्ये त्याने चढलेल्या ‘ॲक्शन डिरेक्ट’ या वाटेची सुरुवातच दोन बोटांच्या भोकावर झेप घेऊन होते. त्याच्यामागे कित्येक वर्षांची तयारी आणि पूर्ण वाढलेली हाडं होती. बोटाचं मधलं पेर सुजलं, दाबल्यावर दुखलं, तर चढणं बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. चार दिवसांनी बरं वाटेल म्हणून वाट बघू नका.

मोठ्यांनीही बोटं पूर्ण दुमडून, अंगठा वर चढवून घेतलेल्या पकडीने झेप पकडू नये. त्यात बोटाच्या कंडरा हाडाला बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर सर्वाधिक ताण येतो. उघड्या, सैल वाकलेल्या बोटांनी पकडता येईल असाच होल्ड निवडा.

खऱ्या कातळाकडे

लाकडी भिंतीवर वर्ष-दीड वर्ष गेलं की जाणत्या मार्गदर्शकाबरोबर बाहेर पडा. मुंबईची ‘गिरिविहार’ ही १९५४ साली स्थापन झालेली संस्था. २०१६ आणि २०१७मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगचे विश्वचषक तिच्या पुढाकाराने झाले. बेलापूरच्या टेकडीवरच्या दगडांवर मुंबईचे आरोहक नेहमी सराव करतात. घाट चढून कर्नाटकात गेलात तर बदामीचा लाल वालुकाश्म आणि हंपीचे ग्रॅनाइटचे गोल दगड आहेत. दोन्हीकडे हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वालुकाश्म ओला असताना ठिसूळ होतो, म्हणून पावसानंतर तो पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. बदामी-हंपीत प्राचीन स्मारकं लागूनच आहेत. परवानगी कुठे आहे हे स्थानिक जाणकारांना विचारल्याशिवाय दगडावर चढू नका.

सह्याद्रीच्या उंच कड्यांवर मात्र तीन आधारांच्या मूळ नियमाकडे परत या. आपला बसाल्ट थरांचा आहे, दोन थरांमधला दगड ढिला असतो. होल्डवर बोटाने ठोका. पोकळ आवाज आला तर वजन देऊ नका. तिथे झेप घेऊन पकडलेला होल्ड निखळला तर खालच्या सोबत्याच्या जिवाशी गाठ. वेगाने, लयीत, न अडखळता चालणारी चढाई तिथेही उपयोगाची आहे. पूर्ण हवेतली उडी नाही.

समुद्रकाठच्या कड्यांवर आधीचे बोल्ट ठोकलेले दिसले, तरी त्यांच्यावर विसंबू नका. उष्ण, खाऱ्या हवेत स्टेनलेस पोलादालाही आतून भेगा पडतात आणि वरून बोल्ट चकचकीतच दिसतो. थायलंडच्या क्राबी किनाऱ्यावर याच कारणाने टायटॅनियमचे बोल्ट बसवावे लागले.

शिकवणाऱ्यांना आणि पालकांना

मूल तयार झालं आहे का, हे त्याने किती उंच होल्ड गाठला यावरून ठरवू नका. हुकलेल्या झेपेनंतर ते कसं खाली येतं ते बघा. हात छातीशी, दोन्ही पाय एकदम, गुडघे वाकलेले, पाठ गोल, आणि उठून चेहऱ्यावर भीती नाही, असं सलग काही आठवडे दिसलं की होल्ड एक वीत लांब न्या. असं दिसत नसेल तर मूल कितीही ताकदीचं असो, अंतर वाढवू नका. दुसऱ्या मुलाशी तुलना करून त्याला डिवचू तर मुळीच नका. भीतीवर शरमेने मात केलेलं मूल पडताना पुन्हा आखडतं.

शाळेच्या पडवीत, तालमीत, एखाद्या मोकळ्या मांगरात अशी एक भिंत उभी राहू शकते. त्यासाठी वर्गणी काढाल तेव्हा खर्चाची यादी या क्रमाने लिहा: पहिली गादी, दुसरा शिकवणारा, तिसरं लाकूड. पैसे कमी पडले तर भिंत लहान करा. गादी लहान करू नका.